लाइट गेली म्हणजे तारेत करंट नाही, असं कोण म्हणतं?

पावसाळा तोंडावर आला की ग्रुपवर कोणीतरी ठोकून देतंच, "अख्ख्या वाडीची लाइट गेलीये, पडलेल्या तारेत कसला आलाय करंट, काठीने ढकला बाजूला." कृपा करून असलं काही करू नका. घरातला दिवा विझला याचा अर्थ एवढाच की तुमच्या घरापर्यंतची वाट कुठेतरी तुटलीय. बऱ्याचदा तीन फेजमधली (म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांमधली) एक गेलेली असते आणि बाकीच्या दोन खुशाल चालू असतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागात खांब आडवे झाले, माडपोफळी तारांवर पडल्या, आणि कित्येक गावांत नंतर कितीतरी दिवस लाइट नव्हती. अशा वेळी रस्त्यात, वाडीत, शेतात सगळीकडे तारा लोळत असतात.

मग चालू तार जमिनीला टेकल्यावर फ्युज का उडत नाही? शाळेतला ओहमचा नियम आठवा. फ्युज वितळायला किंवा सबस्टेशनमधला ब्रेकर (करंट फार वाढला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) पडायला भरपूर करंट वाहावा लागतो, आणि तार कोरड्या कातळावर, वाळूवर किंवा डांबरावर पडली तर तिथला रोध इतका जास्त असतो की ११ हजार व्होल्टच्या लाइनमधूनही थोडेच अँपिअर जमिनीत जातात. सबस्टेशनला वाटतं कोणीतरी पंप चालू केला असेल. आणि ब्रेकर पडला तरी लाइन पुन्हा चार्ज करून बघतात, म्हणजे आत्ता मेलेली तार पाच मिनिटांनी जिवंत.

आता खरी मजेची (आणि भीतीची) गोष्ट, स्टेप व्होल्टेज. जमिनीत शिरलेला करंट चहूकडे पसरतो आणि तारेभोवती व्होल्टेजचा एक डोंगर तयार होतो, शिखर तारेपाशी, उतार आधी एकदम खडा आणि मग सपाट होत जाणारा. हिशोब सोपाय: मातीची रोधकता (ती माती करंटला किती अडवते ते) गुणिले करंट, भागिले २π गुणिले अंतर. समजा रोधकता १०० ओहम-मीटर आणि करंट २० अँपिअर. १ मीटरवर साधारण ३१८ व्होल्ट, २ मीटरवर १५९. म्हणजे एक पाय इथे आणि एक तिथे ठेवलात तर तारेला हात न लावताही तुमच्या दोन पायांत १५९ व्होल्ट! तेच १० आणि ११ मीटरमध्ये फरक जेमतेम ३ व्होल्टचा, कारण हा फरक जवळजवळ अंतराच्या वर्गाने घटतो. (इथे कंटाळा आला असेल तर आकडे सोडा, दोन पायांतलं अंतर मारतं एवढंच लक्षात ठेवा.)

गुरं यात जास्त मरतात, कारण पुढच्या-मागच्या पायांत सहज दीड मीटर अंतर असतं आणि करंट छातीतून जातो. तारेला न शिवता बैल आडवा झाला की गावात करणीची कुजबुज सुरू होते. करणीबिरणी काही नाही, वरचाच भागाकार आहे.

म्हणून तार दिसली की निदान १० मीटर लांब, आणि चुकून जवळ पोचलात तर ढांगा टाकून पळायचं नाही, पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, इंच इंच घासत मागे सरकायचं. गाडीवर तार पडली तर आतच बसून राहा, आग लागली नसेल तर. ओली काठी करंट नेते, आणि रबरी चप्पल ११ हजार व्होल्टसाठी बनवलेली नसते. महावितरणला १९१२ वर कळवा आणि ते येईपर्यंत पोरांना नि गुरांना तिकडे फिरकू देऊ नका.

जनरेटरवाल्यांनो, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. मेन स्विच चालू राहिला तर तुमचे २३० व्होल्ट गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन पलीकडे हजारोंनी निघतात, आणि तिथे खांबावर वायरमन चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला, दोन्हीला कधीच नाही. आणि जनरेटरचं ते धूड पडवीत नको, बाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवा, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, झोपेतच माणूस जातो.