आयकॉन, डेस्कटॉपवरील

संगणकाच्या पडद्यावर फाइल, फोल्डर, प्रोग्रॅम किंवा जोडलेले उपकरण दर्शविणारे छोटे चित्र. मराठीत ‘चिन्ह’ व ‘प्रतीक’ हे पर्याय सुचवले जातात. व्यवहारात ‘आयकॉन’च रूढ आहे.

उगम : आयकॉनचे जनकत्व कोणाकडे, याबाबत एकमत नाही. झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘आल्टो’ संगणकापर्यंत काही जण ते मागे नेतात. मात्र पडद्यावर चित्र उमटणे वेगळे आणि ते चित्र म्हणजेच ती वस्तू मानून हाताळणे वेगळे. ही दुसरी कल्पना डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील १९७५ च्या प्रबंधात स्पष्टपणे मांडलेली आढळते. संगणकाच्या संदर्भात ‘आयकॉन’ हा शब्दही तेथूनच आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शब्दनिवडीमागे पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेतील पवित्र प्रतिमांचा, म्हणजे ज्याचे चित्र त्याचे गुण अंगी बाळगणाऱ्या प्रतिमांचा, संदर्भ असावा. स्मिथ पुढे झेरॉक्सच्या ‘स्टार’ या संगणकाच्या (१९८१) रचनाकारांत होते. स्टारवरील दस्तऐवज, फोल्डर, आवक-जावक टपालाचे ट्रे, प्रिंटर ही चित्रे नॉर्म कॉक्स यांच्या हातची. अंतिम निवडीपूर्वी चित्रांचे चार वेगवेगळे संच वापरणाऱ्यांपुढे ठेवून तपासले गेले होते.

शैली : ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी (१९८४) चित्रकार सुझन केअर यांनी काढलेले आयकॉन ३२ × ३२ चौकटींचे, म्हणजे १,०२४ ठिपक्यांचे होते. प्रत्येक ठिपका काळा नाही तर पांढरा. करडी छटा नाही. केअर यांनी सुरुवातीची रेखाटने आलेखाच्या वहीत चौकटी भरून केली. भरतकाम आणि मोझेइक यांच्याशी या कामाचे नाते त्यांनीच सांगितले आहे; आपल्याकडील ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्यालाही ही शिस्त ओळखीची वाटेल. एक ठिपका सरकला की हसरा चेहरा उदास दिसतो. केअर यांचे खरे कर्तृत्व या काटकसरीत आहे. मॅकिंटॉशच्या कळफलकावरील ‘कमांड’ कळीवरचा फासेदार चौकोन मात्र त्यांनी चिन्हांच्या कोशातून उचलला; स्वीडनमध्ये तो प्रेक्षणीय स्थळांच्या फलकांवर असतो. विंडोज ३.० (१९९०) साठी त्यांनीच सोळा रंगांत काम केले. मॅकिंटॉशच्या मॅक ओएस टेन या प्रणालीत (२००१) १२८ × १२८ ठिपके आणि अर्धपारदर्शक कडा आल्यावर आयकॉन छायाचित्रासारखे चकचकीत झाले. २०१२ नंतर सपाट शैलीकडे कल वळला.

मौलिकता : कचरापेटी, फोल्डर, कागद हे विषय कोणा एकाचे राहिलेले नाहीत, स्वतंत्र असते ती रेषा, प्रमाण आणि प्रकाशाची दिशा. ॲपलने मायक्रोसॉफ्टविरुद्ध १९८८ मध्ये लावलेल्या स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइट) दाव्यातही हाच प्रश्न होता. १९९४ च्या अपील निकालानुसार, परवाना असलेले आणि संरक्षणास अपात्र घटक वगळल्यावर जे उरते त्याची जवळजवळ तंतोतंत नक्कल असेल तरच हक्कभंग ठरतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोन वाटा दिसतात : केडीई या लिनक्सवरील डेस्कटॉप प्रणालीसाठी एव्हेराल्दो कोएल्यो यांचा स्फटिकासारखा ‘क्रिस्टल’ संच, आणि २००५ चा टँगो प्रकल्प, ज्यात सामाईक रंगपट व नियम पाळून वेगळेपण मुद्दाम मागे ठेवले गेले.

मराठी संगणकांवर मजकूर मराठी झाला, चित्रे तीच राहिली. कडेला जीभ असलेले पिवळसर फोल्डर अमेरिकी कचेरीतले आहे. आपल्या सरकारी कचेऱ्यांतील नाडीने बांधलेल्या फाइलशी त्याचे साम्य नाही.