हार्डटेल सांगाडा (डोंगरी सायकल)

हार्डटेल सांगाडा : पुढच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) धक्काशोषक असलेल्या, पण मागचे चाक मध्ये कोणताही हलता सांधा न ठेवता थेट धरणाऱ्या डोंगरी सायकलीची फ्रेम. दोन्ही चाकांना धक्काशोषक असतील तर ती ‘फुल सस्पेन्शन’ आणि एकालाही नसेल तर ‘रिजिड’. कारखान्यातून जुळवून आलेल्या सायकलीत सांगाडा, चिमटा आणि चाके यांचा मेळ उत्पादकाने आधीच घातलेला असतो. सुटा सांगाडा घेऊन एकेक भाग जोडत सायकल बांधणाऱ्याला तो स्वतः घालावा लागतो. या नोंदीत त्या निवडीचाच विचार प्रामुख्याने केला आहे.

संज्ञा : ‘हार्डटेल’ म्हणजे ताठ शेपटीची. हा शब्द मोटारसायकलस्वारांच्या बोलीतून आला असावा. मागे स्प्रिंग नसलेल्या मोटारसायकलींना ते तसे म्हणत. हार्ले-डेव्हिडसनने १९८०च्या दशकात स्प्रिंग पोटाखाली दडवून जुन्या ताठ सांगाड्यासारखी दिसणारी ‘सॉफ्टेल’ काढली, ती याच शब्दावर कोटी करून. सायकलीच्या बाबतीत हा शब्द वस्तूपेक्षा वयाने लहान आहे. सगळ्याच सायकली मागून ताठ होत्या तोवर त्यांना वेगळे नाव देण्याचे कारण नव्हते.

उगम : डोंगरी सायकलीचा सांगाडा पहिल्यांदा कोणी केला, हा वाद मिटलेला नाही. पॅरिसच्या परिसरात सु. १९५१ ते १९५६ या काळात ‘व्हेलो क्रॉस क्लब पॅरिझियँ’ या मंडळातील तरुण ६५०-बी या फ्रेंच मापाच्या चाकांच्या सायकलींत फेरफार करून त्या चिखलवाटांवर पळवत. कॅलिफोर्नियात जॉन फिनली स्कॉट यांनी १९५३ मध्ये जाड टायर, सरळ हँडल आणि गिअर बसवून रानवाटांसाठी सायकल जुळवली होती. क्युपर्टिनो येथील ‘मॉरो डर्ट क्लब’ची काही मुले डिसेंबर १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन काउंटीतील एका सायक्लोक्रॉस (रान-चिखलातून धावायच्या) शर्यतीला जाड टायरांच्या, पण डिरेलर गिअर (साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे) लावलेल्या सायकली घेऊन उतरली. मरिनच्या मंडळींनी गिअरची कल्पना तिथेच पाहिली असे मानायला जागा आहे. इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स यांचे काम मरिनशी संबंध नसताना स्वतंत्रपणे झाले. कोलोराडोतील क्रेस्टेड ब्यूटचे रहिवासी १९७६ मध्ये जुन्या जाड टायरी सायकलींवरून पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेनला गेले, ती नोंदही या वादात पुढे केली जाते.

तरीही सांगाड्यापुरते बोलायचे तर मरिनचा दावा अधिक सबळ वाटतो. तेथे टॅमलपायस डोंगराच्या परिसरात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ नावाची उतार-शर्यत सुरू झाली. साडेतीन किलोमीटरपेक्षा किंचित कमी वाटेत सायकल सु. ४०० मी. खाली उतरे. पायडल उलटे दाबून लागणारा मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि शर्यत संपली की हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ही ‘पुन्हा भरणी’ म्हणजेच रिपॅक. या सायकलींचे सांगाडे १९३०-४०च्या दशकांतले, बहुतांशी श्विन कंपनीच्या ‘एक्सेलसियर’ जातीचे, भंगारातून आणि परसातल्या अडगळीतून शोधून काढलेले होते. श्विनने १९३३ मध्ये अमेरिकेत फुग्यासारखे जाड टायर आणले होते आणि त्यांना पुरेल एवढी फट या सांगाड्यांत मुळातच होती. २६ इंची, म्हणजे टायर बसतो तिथे ५५९ मिमी. व्यासाचे रिम पुढे तीसेक वर्षे डोंगरी सायकलीचे प्रमाण ठरले ते त्या जुन्या सांगाड्यांमुळे. नव्याने आखणी करून ते कोणी ठरवलेले नव्हते.

जुने सांगाडे तुटत. रिपॅकचे आयोजक चार्ली केली यांच्या मागणीवरून त्याच मंडळीतले जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) नळ्यांचा नवा सांगाडा बांधायला घेतला. ‘ब्रीझर’ नावाची ही मालिका दहाच्या आसपास सायकलींची होती. फ्रेंच तरुण आणि स्कॉट यांनी तयार सायकली बदलल्या होत्या. येथे मात्र सांगाडाच या कामासाठी मुद्दाम घडवला गेला, हा फरक निर्णायक मानावा. टॉम रिची यांनी बांधलेले सांगाडे गॅरी फिशर आणि केली १९७९ पासून विकू लागले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. तिचा एक नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

काटेकोरपणे पाहता या सायकली हार्डटेल नव्हत्या, कारण त्यांचा चिमटाही ताठ होता. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा ‘आरएस-१’ चिमटा १९८९ च्या सुमारास आला. त्याची चाल (जास्तीत जास्त दबण्याचे अंतर) ५ सेंमी.हूनही कमी होती. १९९० मध्ये ड्युरँगो (कोलोराडो) येथील पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी उतार-शर्यत रॉकशॉक्सच्या चिमट्यावर जिंकली आणि दोन-चार वर्षांत ताठ चिमटा मागे पडला. हार्डटेलचा खरा आरंभ इथे धरावा.

कोन आणि लांबी : हेड ट्यूब (सांगाड्याची पुढची आखूड नळी, जिच्यात चिमटा फिरतो) जमिनीशी जो कोन करते त्यावरून सांगाड्याची जात ओळखली जाते. ब्रीझ यांनी श्विनचे उतरते कोन बहुतांशी तसेच ठेवले होते. (आपल्याकडच्या काळ्या २८ इंची सायकलीचा चिमटाही असाच पुढे पसरलेला असतो.) १९८०च्या दशकात शर्यती चढणीकडे झुकल्या, तसा हा कोन ७१ अंशांपर्यंत उभा झाला आणि सायकल चपळ, पण उतारावर बिचकणारी बनली. इंग्लंडमध्ये २००० नंतर मोठ्या चालीच्या चिमट्यांसाठी बांधलेल्या पोलादी हार्डटेलांनी तो पुन्हा उतरवायला सुरुवात केली. आज शर्यतीच्या सांगाड्यात तो सु. ६७ ते ६९ अंश आणि रांगड्या वाटांच्या सांगाड्यात ६४ ते ६६ अंश आढळतो. चाळीस वर्षांत फिरून पुन्हा तिथेच, श्विनच्याही पलीकडे.

पूर्वी सांगाड्याचे माप सीट ट्यूबच्या (सीटची दांडी जिच्यात बसते त्या नळीच्या) इंचांत सांगत. आता ‘रीच’ पाहतात, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलांची धुरा फिरते त्या सांध्याच्या) मध्यातून वर काढलेल्या उभ्या रेषेपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर. हे अधिक उपयोगी आहे, कारण सीट खालीवर करता येते, हेड ट्यूब जागची हलवता येत नाही.

चिमट्याची उंची : सुट्या सांगाड्याच्या निवडीत सर्वाधिक चुका येथे होतात. उत्पादकाच्या तक्त्यातील कोन हे सांगाड्याचे स्वतःचे नसतात. विशिष्ट चाके आणि विशिष्ट उंचीचा चिमटा गृहीत धरून काढलेले ते आकडे असतात. ही उंची पुढच्या चाकाच्या एक्सलच्या (आसाच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या खालच्या टेकणीपर्यंत मोजतात. चिमटा उंच झाला की संपूर्ण सांगाडा मागच्या एक्सलभोवती मागे कलतो. ढोबळ नियम असा की २० मिमी. वाढीला कोन एक अंशाने उतरतो.

उदाहरणार्थ, ८० मिमी. चालीच्या चिमट्यासाठी केलेला, १,०७० मिमी. चाकांतराचा (दोन एक्सलांमधील अंतराचा), ७० अंशी जुना २६ इंची सांगाडा घ्या. त्यात १२० मिमी. चालीचा, म्हणजे ४० मिमी. उंच चिमटा बसवला की हेड ट्यूबचा कोन ६८ अंशांवर येतो. उतारासाठी हे बरेच वाटते. पण त्याच कलण्याने बॉटम ब्रॅकेट सु. १५ मिमी. वर जाते, रीच सु. २० मिमी. घटते आणि सीट ट्यूबही दोन अंशांनी मागे पडते. चढणीवर स्वार मागच्या चाकावर बसतो आणि पुढचे चाक उचलू लागते. शिवाय लांब चिमट्याचा तरफ-जोर हेड ट्यूब आणि खालची नळी यांच्या सांध्यावर वाढतो. जुन्या सांगाड्यांना तडे पहिल्यांदा बहुधा तिथेच, वेल्डच्या कडेला जातात. रंगाखालची केसासारखी रेघ प्रथम गंजाच्या पिवळट डागाने कळते.

हार्डटेलची दुसरी खोड तक्त्यात दिसत नाही. स्वार बसला की धक्काशोषक थोडा दबतो, याला ‘सॅग’ म्हणतात. फुल सस्पेन्शनमध्ये दोन्ही टोके दबत असल्याने कोन फारसे बदलत नाहीत. हार्डटेलमध्ये फक्त पुढचे टोक खाली जाते. १४० मिमी. चालीचा चिमटा एक-पंचमांश, म्हणजे २८ मिमी. दबला, तर १,२०० मिमी. चाकांतराच्या सायकलीत कागदावरचे ६५ अंश प्रत्यक्षात ६६ च्या वर जातात आणि रीच सु. १३ मिमी. वाढते. म्हणून हार्डटेल आणि फुल सस्पेन्शन यांचे तक्ते शेजारी ठेवून आकड्याला आकडा लावणे फसवे आहे. हार्डटेलचा कोन अंशभर अधिक उतरता आणि रीच थोडे आखूड घेतले तरच दोन्ही बरोबरीला येतात. हाच परिणाम उतारावर पुढचा ब्रेक दाबताना आणखी तीव्र होतो. त्यामुळे या सांगाड्यावर १४०-१५० मिमी.पेक्षा लांब चालीचा चिमटा घेण्यात सहसा लाभ नसतो.

द्रव्य : पोलादाची घनता सु. ७.८५, टिटॅनियम मिश्रधातूची ४.५ आणि ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅ. प्रति घसेंमी. आहे. यंग गुणांक (ताणाखाली धातू किती कडक राहतो याचे माप) अनुक्रमे सु. २००, १०५ व ७० गिगापास्कल, म्हणजे घनतेच्याच पटीत घटत जातो. म्हणून केवळ धातूवरून कडकपणा ठरत नाही, नळीच्या व्यासावरून ठरतो. पातळ नळीचा बाकविरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ॲल्युमिनियमचे सांगाडे जाडजूड दिसतात ते यामुळे.

‘पोलाद धक्का गिळते, ॲल्युमिनियम हाडे खिळखिळी करते’ ही समजूत सायकलवाल्यांत फार पक्की आहे. तिला आधार कमी आहे. मागचा त्रिकोण उभ्या दिशेत कोणत्याही धातूचा असो, जेमतेम लवतो. त्याच धक्क्याला २.४ इंची टायर त्याच्या अनेक पट दबतो आणि सीटची दांडीही वाकते. २७.२ मिमी. व्यासाची दांडी ३१.६ मिमी.च्या दांडीपेक्षा अधिक लवते, पण तिच्यात खालीवर होणाऱ्या ‘ड्रॉपर’ दांड्यांचे पर्याय थोडे मिळतात. तेव्हा आरामाचा विचार करणाऱ्याने आधी मागे किती रुंद टायर मावतो ते पाहावे, धातू नंतर.

खरा फरक शिणवट्यात आहे. ठरावीक मर्यादेखालचे ताण पोलाद कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, त्यामुळे त्याच्या नळ्या मुळातच जास्त सामग्री घालून करतात. पोलादी सांगाडा गावातल्या चांगल्या कारागिराकडून डागून घेता येतो. ६०६१ जातीचे ॲल्युमिनियम वेल्डनंतर भट्टीतल्या उष्मोपचाराशिवाय पूर्वीचे बळ परत मिळवत नाही. कार्बन तंतूंचे सांगाडे सर्वांत हलके असतात.

मागचा एक्सल व इतर मापे : जुन्या सांगाड्यात मागच्या ड्रॉपआउटमधील (एक्सल बसतो त्या दोन टोकांमधील) अंतर १३५ मिमी. असते. नंतर १४२ × १२ मिमी. आले, ते ऐकून हब सात मिमी.ने रुंद झाला असे वाटते. तसे नाही. ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे साडेतीन मिमी. खोल खाच घेतली, हबची टोके तेवढी लांबवली आणि एक्सल आरपार केला. हबच्या ज्या कडांना आरे अडकतात त्या होत्या तिथेच राहिल्या. म्हणून बरेच १३५ चे हब टोकाच्या टोप्या बदलून १४२ मध्ये बसतात. २०१४-१५ मध्ये आलेले १४८ मिमी. ‘बूस्ट’ मात्र खरोखर रुंद आहे. त्यात कडा दोन्हीकडे तीन तीन मिमी. बाहेर गेल्या आणि त्यांच्याबरोबर चेनची रेषाही. व्हर्निअर न लावता नुसत्या डोळ्याने १४२ आणि १४८ ओळखू येत नाहीत. चाके आधी घेऊन सांगाडा नंतर शोधणाऱ्याची फजिती येथेच होते.

चेनस्टेची (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या नळीची) लांबी आणि टायरची रुंदी यांत ओढाताण असते. २९ इंची (६२२ मिमी.) चाकाला टायर चढवला की त्रिज्या ३७ सेंमी.च्या घरात जाते. ४२ सेंमी.च्या चेनस्टेत टायर, चेनरिंग आणि नळी या तिघांना एकाच अरुंद जागेत दाटीने राहावे लागते. २०१२ नंतर पुढे एकच चेनरिंग ठेवण्याची पद्धत रुळली आणि पुढचा डिरेलर गेला, तेव्हा ही जागा थोडी मोकळी झाली.

बॉटम ब्रॅकेटसाठी आट्यांचे कवच (६८ किंवा ७३ मिमी.) आणि दाबून बसवण्याचे कवच असे दोन पंथ आहेत. घरी काम करणाऱ्याला आट्यांचे सोयीचे. त्यात चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, हे विसरून पान्याला जोर लावला की सांगाड्याचेच आटे जातात. हेड ट्यूब सरळ ४४ मिमी. असेल तर बेअरिंगचा खालचा कप बाहेर ठेवून निमुळत्या दांड्याचाही (हेड ट्यूबमधून वर जाणारा चिमट्याचा भाग) चिमटा बसतो. जुन्या १ १/८ इंची सरळ दांड्यासाठी केलेल्या अरुंद हेड ट्यूबमध्ये बसत नाही आणि तसा सांगाडा घेतला तर आजचे चिमटे जवळजवळ बंद होतात. गिअरचा हँगर (मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) २०१९ पासून ‘यूडीएच’ (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) या एकाच नमुन्याकडे सरकत आहे. नवा सांगाडा घेताना तो असलेला बरा, कारण मोडणारा पहिला भाग तोच.

भारतात : येथे हार्डटेल मुख्यत्वे पूर्ण सायकलीच्या रूपात विकली जाते. सुटा सांगाडा बहुधा बाहेरून मागवावा लागतो. पुण्यात वेताळ टेकडी आणि सिंहगडाच्या आसपास चालवणाऱ्यांना सुटी खडी, मुरूम आणि पावसाळ्यात निसरडा कातळ मिळतो. तिथे चालीपेक्षा रुंद टायर अधिक कामाला येतो. सह्याद्रीच्या पावसात पोलादी सांगाडा बाहेरून नव्हे, आतून गंजतो. सीटच्या दांडीवाटे उतरलेले पाणी बॉटम ब्रॅकेटच्या कवचात साठते. कवचाच्या तळाला निचऱ्याचे भोक आहे का ते घेण्यापूर्वी पाहावे. नसल्यास दांडी काढून सायकल उलटी टेकवून ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी नळ्यांत आतून तेल फिरवावे.