क्लस्टरला वेगळा स्विच: हा हट्ट आला कुठून

व्हर्च्युअलायझेशनच्या लायसनचे भाव भडकल्यापासून इंदूरकडे प्रॉक्समॉक्सचं, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, तीन नोडचं (तीन सर्व्हरचं) क्लस्टर बसवायची लाटच आलीये. नर्सिंग होम, पतसंस्था, पीथमपूरचे कारखाने, सगळे त्याच रांगेत, आणि कोटेशनवर वाद होतो तो हमखास एकाच ओळीवरून: प्रत्येक नोडला दोन जास्तीचे एक गिगचे पोर्ट आणि त्यांच्यासाठी साधे वेगळे स्विच. वेंडर म्हणतो, "दहा गिगचा बॉण्ड आहे ना साहेब, त्यावरूनच जाऊ द्या की कोरोसिंक, त्याला लागतं कितीसं?" (बॉण्ड म्हणजे अनेक केबल मिळून केलेली एक लिंक, कोरोसिंक म्हणजे नोडना एकमेकांची खबर देणारा प्रोग्रॅम.) बँडविड्थ खरंच फारशी लागत नाही. तरी ही ओळ कोटेशनमध्ये येते, आणि तिचं कारण बघायचं तर जरा मागे जावं लागतं.

फार जुनं थोडक्यात आटोपतो. १९८३ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं मिनीकॉम्प्युटरचं क्लस्टर आणलं, त्यात मशिनी एकमेकींशी ७० मेगाबिटच्या खास बसवरून (मशिनी जोडणाऱ्या वायरवरून) बोलायच्या आणि त्या बसचेही दोन मार्ग असायचे. मतं मोजून बहुमतवालाच चालू राहणार हा कोरमचा प्रकारही त्यात होताच. १९९७ मध्ये विंडोज एनटीवरचं दोन नोडचं क्लस्टर आलं तेव्हा पब्लिक नेटवर्क वेगळं, प्रायव्हेट वेगळं, ही विभागणी त्यातच होती. तेव्हा वेगळी वायर हा वादाचा विषयच नव्हता.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवात केली ती लिनक्सवरच्या हार्टबीट या क्लस्टरच्या सॉफ्टवेअरवर. दोन मशिनी, मध्ये नल मोडेम (दोन सिरियल पोर्ट थेट जोडणारी) केबल, कॉन्फिगमध्ये सिरियल पोर्टचं नाव आणि बॉड १९२००, झालं. सिरियलची खुबी ही की त्यात आयपी नाही, स्विच नाही, फायरवॉल नाही, त्यामुळे कुणी एखादा रूल टाकून ते चुकून बंद पाडेल ही भीतीच नाही. सँपल फाइलमध्ये डेडटाइम (किती वेळ आवाज आला नाही की समोरची मशीन मेली समजायची तो वेळ) ३० सेकंद असायचा आणि बूटनंतरचा वेगळा, १२० सेकंद, कारण नेटवर्क वर यायला वेळ लागतो. स्विचमधल्या जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (वायरींचा लूप टाळायची सोय) केबल लावली तरी पोर्ट ३० सेकंद गप्प बसतो हे ज्यांनी भोगलंय त्यांना ते १२० का हे विचारावं लागत नाही. पुढे डेटाच एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी व्हायला लागला, डीआरबीडी आलं, सिरियल त्याला कुठे पुरणार, मग तीच जागा क्रॉसओव्हर केबलनं घेतली. दोन नोडपर्यंत हे सगळं मस्त चालायचं. तिसरा नोड आला की मध्ये स्विच हवाच.

आणि खरा घोळ सुरू झाला तो इथे, २००८ नंतर, कोरोसिंक रुळायला लागल्यावर. कोरोसिंकमध्ये एक टोकन सगळ्या नोडमधून गोल फिरतं आणि ते ठरलेल्या वेळात परत आलं नाही की कोण आहे कोण नाही याची हजेरी परत घेतली जाते. तो वेळ तेव्हा डिफॉल्ट १००० मिलिसेकंद होता, आणि निरोप जायचे मल्टिकास्टवर, म्हणजे एकदाच पाठवलेला निरोप हव्या त्या सगळ्या नोडना. आता मॅनेज्ड स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू असतं, म्हणजे कुठल्या पोर्टला मल्टिकास्ट हवाय ते स्विच ऐकून लक्षात ठेवतो, पण अधूनमधून विचारणारा क्वेरियर नेटवर्कात नसेल तर साधारण २६० सेकंदांनी विसरून जातो. परिणाम काय, तर क्लस्टर बांधलं, सगळे नोड हिरवे, पोहे खायला खाली उतरलात आणि वर येईपर्यंत सगळं विस्कटलेलं. म्हणूनच प्रॉक्समॉक्सवाले ऑमपिंगची (मल्टिकास्ट पोचतो का ते बघायची) टेस्ट दहा मिनिटं चालवायला सांगायचे, एक मिनिटाची टेस्ट पास व्हायची आणि काहीच सांगायची नाही.

बरोबर उपाय होता स्विचवर क्वेरियर चालू करणं. लोकांनी केलं काय? जेल रोडवरून साधा अनमॅनेज्ड स्विच आणला आणि क्लस्टरच्या वायरी त्यात खोचल्या. त्याला स्नूपिंग कशाशी खातात हे माहीतच नाही, आलेला मल्टिकास्ट तो सगळ्या पोर्टवर ओततो, त्यामुळे चालायचं. तेव्हा वेगळ्या स्विचचा नियम अर्धा डिझाइनमधून आलाय आणि अर्धा जुगाडातून, आणि आज वेंडर ज्याला जुनी सवय म्हणून हसतो तो हा दुसरा अर्धा भाग आहे. त्यात त्याचं म्हणणं चूक नाही, कोरोसिंक ३ पासून केनेट हा निरोप पोचवायचा नवा प्रकार डिफॉल्ट झाला, तो युनिकास्टवर, म्हणजे एकेका नोडला थेट पाठवून, चालतो, मल्टिकास्टची कटकट संपली.

पण पहिला अर्धा भाग अजून शाबूत आहे आणि बॉण्डवाल्यांशी खरं भांडण तिथे आहे. एक काळ असा होता की बॉण्डवालेच बरोबर होते. कोरोसिंकची स्वतःची दोन रिंगची (दोन वेगळ्या नेटवर्कवरून बोलायची) सोय होती पण नाजूक. जुन्या व्हर्जनमध्ये रिंग एकदा फॉल्टी म्हणून मार्क झाली की हातानं कमांड देऊन सोडवावी लागायची. त्यात इफडाऊन (नेटवर्क पोर्ट बंद करायची कमांड) मारून टेस्ट केली तर कोरोसिंक जाऊन १२७.०.०.१ ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला, चिकटायचं आणि भलतेच रिझल्ट द्यायचं, म्हणून केबल उपटा किंवा फायरवॉलनं अडवा पण इफडाऊन नको हे जो तो सांगत फिरायचा. त्यापेक्षा अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप बॉण्ड (एक केबल चालू, दुसरी राखीव) बरा, एका मोठ्या एंटरप्राइज लिनक्सच्या सपोर्टलाही क्लस्टरसाठी सुरुवातीला तोच एक मोड मान्य होता.

२०१८ च्या शेवटी कोरोसिंक ३ आलं आणि पारडं फिरलं. आठपर्यंत लिंक, प्रत्येकीवर स्वतंत्र लक्ष, एक गेली की दुसरी. जुलै २०१९ मध्ये प्रॉक्समॉक्स ६ नं तेच घेतलं (पहिले काही महिने केनेटच्या बगनी लोकांना छळलं, ते नंतर निस्तरलं). आता याच्याशेजारी एलएसीपी बॉण्ड (सगळ्या केबल एकदम चालू, स्विचशी बोलून ठरवलेला) ठेवून बघा. केबल तुटली तर ठीक, लिंक पडते, बॉण्डला लगेच कळतं. पण स्विच अडकला, दिवे लागलेलेच आहेत आणि पॅकेट मात्र पुढे जात नाहीयेत, तर स्लो रेटवर एलएसीपीला ते कळायला ९० सेकंद लागतात, फास्टवर ३. टोकनला एवढा धीर नसतो. २०२० मध्ये डिफॉल्ट ३००० मिलिसेकंद केला आणि दोनच्या वर प्रत्येक नोडमागे ६५० जास्त मिळतात, तरी एलएसीपीचे ९० सेकंद कुठे आणि टोकनचे हे तीन-साडेतीन कुठे. एचए (नोड पडला की त्याच्या मशिनी दुसऱ्यावर उठवायची सोय) चालू असेल तर कोरम गेलेला नोड मिनिटभरात वॉचडॉगच्या (मशीन आपोआप रीबूट करणाऱ्या टायमरच्या) हातून रीबूट होतो, म्हणजे बॉण्डला शहाणपण सुचेपर्यंत नोड गेलेला असतो. बॉण्डमध्ये वायरिंग सोपं आणि लक्ष ठेवायला कमी हे मान्य, पण ते वेंडरच्या सोयीचं आहे.

शिवाय त्याच बॉण्डवर सेफ (Ceph, सगळ्या नोडच्या डिस्क मिळून केलेलं स्टोरेज) असतं. एखादी डिस्क गेली, रीबॅलन्स सुरू झालं, दहा गिग तुडुंब भरला, टोकन रांगेत अडकलं आणि तीनही नोड एकमेकांना मेलेले समजून एकदमच रीबूट. कोरोसिंकला बँडविड्थ लागत नाही हे खरं, त्याला वेळेवर पोचणं लागतं. म्हणून निदान एक लिंक फक्त त्याचीच, आणि दुसरी मॅनेजमेंटवरून कमी प्रायॉरिटीनं गेली तरी चालतं. त्या पहिल्या लिंकला जेल रोडचा साधा स्विच आजही पुरतो.

हल्ली नवीन खूळ म्हणजे दोन नोड इंदूरला, दोन पीथमपूरला. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, फायबरमध्ये जाऊन येऊन मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा लागायला नको, पण लाइन भाड्याची असली तर प्रोव्हायडर ती कुठकुठल्या राउटरवरून फिरवून आणेल सांगता येत नाही, आणि प्रॉक्समॉक्सच्या कागदपत्रात ५ मिलिसेकंदांच्या आत राहा असं लिहिलंय. तेव्हा लाइन घेण्याआधी दिवसभर पिंग लावून ठेवा. दोन-दोन म्हणजे बहुमत कुणाचंच नाही, त्याला क्यूडिव्हाइसचं (क्लस्टरबाहेरच्या मशीनचं) पाचवं मत लागतं, ते टीसीपीवर चालतं आणि जास्त लेटन्सी सोसतं, त्यामुळे ते तिसऱ्याच जागी ठेवता येतं, सीएच्या ऑफिसातल्या छोट्या मशीनवरसुद्धा. तीन नोड एकाच खोलीत असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका, विषम नोडच्या क्लस्टरला क्यूडिव्हाइस जोडू नये असंच कागदपत्र सांगतं.