लाँच बुडाल्यावर दाद कुठे मागायची? ‘अंतर्देशीय’ या एका शब्दाची पार्श्वभूमी

18 डिसेंबर 2024 च्या दुपारी चारच्या सुमाराला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. 15 माणसं गेली. लाँचचा परवाना 84 प्रवासी आणि 6 खलाशांचा होता, प्रत्यक्षात वर शंभराहून जास्त माणसं होती. पुढे राज्याने प्रत्येकी 5 लाख आणि केंद्राने 2 लाख रुपये जाहीर केले.

हे सानुग्रह अनुदान. शब्दातच अनुग्रह आहे, म्हणजे दिलं तर मिळालं, हक्क नव्हे. ते घेतल्याने नुकसानभरपाईचा दावा संपत नाही. पण चेक हातात पडला की घरच्यांना, आणि कित्येकदा त्यांच्या ओळखीच्या वकिलालाही, प्रकरण मिटलं असं वाटतं. मुदतीचं घड्याळ मात्र मृत्यूच्या दिवसापासून चालू झालेलं असतं.

या पाण्यात माणसं बुडण्याचा इतिहास जुना आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर अजूनही तिची आठवण निघते. त्या वेळी वारसांसाठी जो कायदा होता तो 1855 चा, प्राणांतिक अपघातांचा. आजही पायाभूत कायदा तोच आहे. त्याच्या आधी इंग्रजी न्यायात माणूस मेला की त्याच्या मरणाबद्दल दिवाणी दावाच लावता येत नसे, म्हणून इंग्लंडमध्ये 1846 साली तसा कायदा झाला आणि नऊ वर्षांनी तो इकडे आला.

1855 च्या कायद्याखाली दावा दिवाणी न्यायालयात लावायचा, समोरच्याची चूक आपण सिद्ध करायची आणि भरपाई मिळणार ती पत्नी किंवा पती, आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांनाच. भाऊ आणि बहीण त्यात नाहीत. मोठा भाऊ धाकट्यांना शिकवतो अशी घरं आपल्याकडे किती आहेत! एसटीच्या अपघातात तोच भाऊ गेला तर धाकटी बहीण मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे वारस म्हणून जाऊ शकते. तिथे फी नाममात्र असते आणि रक्कम काढायची गुणकाची पद्धत (वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं) सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 मध्ये बांधून दिली आहे. रेल्वेच्या अपघातात तर मृत्यूसाठी 8 लाखांची रक्कमच ठरलेली आहे. लाँच मात्र मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, कारण ती व्याख्या रस्त्याला बांधलेली आहे.

मग बोटीसाठी वेगळा रस्ता काय, असं विचारलं की ‘अंतर्देशीय जलयान’ हा शब्द आडवा येतो. ऐकताना नदीतली होडी डोळ्यांसमोर येते, पण गेटवेसमोरचं खारं, भरती-ओहोटीचं पाणीही कायद्याच्या हिशेबात अंतर्देशीय ठरू शकतं. अंतर्देशीय जलयानांच्या 1917 च्या कायद्यात कालवे, नद्या आणि तलावांबरोबर सरकारने आखलेल्या हद्दीतलं भरतीचं पाणीही धरलं गेलं. म्हणून बंदराच्या आतल्या लाँच समुद्री जहाजं म्हणून न नोंदता या कायद्याखाली नोंदल्या गेल्या. घारापुरीच्या त्या लाँचचा परवानाही याच प्रकारचा होता. मालकाच्या दृष्टीने हे सोपं पडतं, कारण दर्यावर्दी जहाजांचे जड नियम लागत नाहीत. वारसांना याचा फटका बसतो तो दुसऱ्याच एका कायद्यात.

मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे इंग्रजांच्या काळापासून नौअधिकारिता, म्हणजे जहाजांविषयीचे दावे ऐकण्याचा खास अधिकार, आहे. तिचं वैशिष्ट्य असं, की मालकाला शोधत बसावं लागत नाही, जहाजच अटकवून ठेवता येतं. मालकाने तारण भरलं तरच जहाज सुटतं. 1861 आणि 1890 च्या इंग्रजी कायद्यांवर हे सव्वाशे वर्षं चाललं. मग 2017 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला, जो 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला. त्यात जीवितहानीचा दावा स्पष्ट लिहिलेला आहे. जहाजावरच्या बोज्यांच्या, म्हणजे जहाजातून वसूल होणाऱ्या हक्कांच्या, क्रमात तो खलाशांच्या पगाराच्या खालोखाल, दुसरा येतो. मधल्या काळात जहाज विकलं गेलं तरी बोजा त्याच्याबरोबर जातो, मात्र वर्षभरात हालचाल करावी लागते. वारसांच्या हाती याहून धारदार हत्यार आपल्या कायद्यात मला दिसत नाही.

आणि त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात दोन अपवाद आहेत. केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय अंतर्देशीय जलयानाला हा कायदा लागू नाही. युद्धनौका, नौदलाची साहाय्यक जहाजं आणि सरकारची बिनव्यापारी जहाजं यांनाही नाही. म्हणजे 18 डिसेंबरला एकमेकींवर आदळलेल्या दोन्ही बोटी, एक पहिल्या अपवादाने आणि दुसरी दुसऱ्या अपवादाने, या कायद्याच्या बाहेर पडतात.

गुंता इथेच थांबत नाही. 2017 च्या कायद्याने ‘अंतर्देशीय’ची व्याख्या स्वतः दिली नाही, ती 1917 च्या कायद्यातून उसनी घेतली. त्या व्याख्येत ‘साधारणपणे’ असा शब्द आहे, म्हणजे जे जलयान साधारणपणे अंतर्देशीय पाण्यात चालतं ते अंतर्देशीय. अपघात कुठे झाला याला त्यात महत्त्व नाही, बोटीची रोजची वाट कुठली हे पाहायचं. एखादी लाँच हद्द ओलांडून उघड्या समुद्रात गेली आणि तिथे बुडाली, तरी मालक म्हणू शकतो की माझी बोट अंतर्देशीयच. पुढे 2021 च्या कायद्याने 1917 चा कायदा रद्द केला आणि नव्या व्याख्येत नोंदणीला महत्त्व दिलं. रद्द कायद्याचा उल्लेख आला तर त्या जागी नवा कायदा वाचायचा असा 1897 पासूनचा सर्वसाधारण नियम आहे. पण दोन्ही व्याख्यांचे शब्द वेगळे असल्याने वाद घालायला जागा उरते, आणि त्या वादाचा खर्च वारसांना झेपणारा नाही. हा अपवाद घालताना नद्यांमधून माल नेणारे बार्ज डोळ्यांपुढे असावेत असं मला वाटतं. रोज हजारो माणसं नेणाऱ्या मुंबई बंदरातल्या लाँच त्यात आपसूक ओढल्या गेल्या. केंद्राने एक अधिसूचना काढली तर निदान प्रवासी लाँचपुरतं हे दुरुस्त होऊ शकतं.

सरकारविरुद्धच्या दाव्याची गोष्ट वेगळी आणि तिचं मूळही गोदीतच आहे. कलकत्त्याच्या सरकारी गोदीतले कामगार आगबोटीसाठी लोखंडी भाग वाहून नेत होते, त्यात एका स्टीमर कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. कंपनीने 350 रुपयांचा दावा लावला. 1861 च्या त्या निकालात सरकारला पैसे द्यावे लागले, पण त्याबरोबर एक भेदही जन्माला आला: सरकार खासगी माणसासारखं काम करत असेल तर जबाबदार, सार्वभौम, म्हणजे फक्त राज्यसत्तेनेच करायचं, काम करत असेल तर नाही. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ढाल भक्कम केली आणि 1994 च्या निकालाने ती बरीच पातळ केली. बंदरात, प्रवासी वाटेवर इंजिनाची चाचणी घेणं हे सार्वभौम काम कसं, हा प्रश्न वारसांच्या वकिलाने जोरात विचारायलाच हवा. असा दावा लावण्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

फौजदारी बाजू बहुतेकांना माहीत असते. निष्काळजीपणाने मृत्यूला आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आधी दोन होती. बेदरकारपणे बोट हाकणं आणि भाड्याच्या बोटीत जादा माणसं भरणं हे वेगळे गुन्हे आहेत. त्या खटल्यातून घरात पैसा येत नाही, पण पंचनामा आणि आरोपपत्र दिवाणी दाव्यात फार कामाला येतात, म्हणून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. प्रेत सापडलंच नाही तर सात वर्षं ठावठिकाणा नसलेल्याला मृत धरण्याचा नियम लागतो आणि तेवढा काळ सगळंच अडू शकतं. खलाशी कामावर असताना गेला असेल तर त्याच्या घरच्यांचा मार्ग निराळा, 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातून आलेला, आणि त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही.

अलीकडे एक दार मात्र रुंद झालं आहे. तिकीट काढलेला प्रवासी ग्राहक असतो आणि त्याचे वारस तक्रार करू शकतात. जुन्या ग्राहक कायद्यात मागणीची रक्कम मोठी झाली की राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे जावं लागे. 2019 च्या कायद्याने निकष बदलला: मोजायची ती सेवेसाठी भरलेली किंमत. काहीशे रुपयांच्या तिकिटावर कोटीची भरपाई मागितली तरी तक्रार जिल्हा आयोगाकडेच आणि फीशिवाय. हा निकष विषम आहे म्हणून त्याला आव्हान दिलं गेलं, पण एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. विमा प्रकरणांत काही ग्राहकांची त्याने अडचण होते हे खरं, लाँचच्या प्रवाशांना मात्र तो फायद्याचा आहे.

ही तक्रार लाँचमालकाविरुद्धच चालेल. जादा माणसं का भरली, लाइफ जॅकेट का दिली नाहीत, असे प्रश्न तिथे विचारता येतात. धडक देणाऱ्याशी प्रवाशाचा तिकिटाचा व्यवहार नव्हता, त्याच्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. मुदत दोन्हीकडे दोन वर्षांची आहे. घारापुरीच्या वाटेवर त्या दुपारी गेलेल्यांच्या घरच्यांसाठी ती 18 डिसेंबर 2026 ला पुरी होते.