जुन्या स्पोर्ट्स कारची व्हिंटेज नोंदणी: अर्ज कुठे अडतो आणि का

वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली एमजी, ट्रायम्फ किंवा जॅग्वार दुरुस्तीला घेतली की बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. कागद आठवतात ते रंगकाम उरकल्यावर. तोवर चेसिस नंबरवर पुट्टी चढलेली असते, इंजिनाचा मूळ ब्लॉक भंगारात गेलेला असतो आणि गाडी ज्यांच्या नावावर आहे ते आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. या तिन्ही अडचणी सुरुवातीलाच ओळखल्या तर सुटतात. उशीर झाला की त्यातली एखादी कायमची होऊन बसते. म्हणून पाना हातात घेण्याआधी हे वाचा.

कोणती गाडी पात्र

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. दुचाकी आणि खासगी चारचाकी दोन्ही त्यात बसतात. अटी तीन: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली असावीत, वापर व्यावसायिक नसावा, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी, म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

पहिलीच अट सर्रास चुकीची वाचली जाते. ५० वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, कारखान्यातून बाहेर पडल्याच्या वर्षापासून नव्हे. १९७४ साली बनलेली गाडी डिसेंबर १९७६ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली असेल, तर ती डिसेंबर २०२६ आधी पात्र होत नाही. बॉनेटखालच्या पट्टीवरचं वर्ष पाहून घाईने अर्ज करू नका. परदेशात आधी नोंदलेली गाडी असेल तर तिथली पहिली नोंदणी धरली जाते, त्यामुळे तिथला जुना कागद जपून ठेवा.

‘मूळ स्वरूप’ म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. अनेकांना वाटतं की इंजिन उघडलं की अपात्र ठरलो. तसं नाही. नियमाचा रोख फेरफारावर आहे. सिलिंडर बोअर करून २० किंवा ४० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ पिस्टन टाकणं, बेअरिंग आणि रिंगा बदलणं, कुजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच आकाराचा पत्रा वेल्ड करणं, ही दुरुस्ती झाली. एमजी टीसीचं १२५० सीसीचं इंजिन काढून डिझेल इंजिन बसवणं, चेसिस कापून लांबी बदलणं, उघड्या गाडीला पक्कं छत जोडणं हा फेरफार. अशी गाडी तपासणी करणाऱ्या राज्याच्या समितीसमोर नेण्यात अर्थ नाही.

मधला एक फसवा प्रकार आपल्याकडे बराच आढळतो. ॲम्बॅसडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीए १५०० चं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीज कुटुंबातली. त्यामुळे मूळ ब्लॉक फुटला की ॲम्बॅसडरचा ब्लॉक बसवण्याचा मोह होतो, आणि बाहेरून फरक पटकन दिसतही नाही. पण इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळत नाही, आणि तपासणीत सगळ्यात आधी तोच पाहिला जातो. ब्लॉकला चीर गेली असेल तर तो फेकण्याआधी कास्ट आयर्न स्टिचिंग, म्हणजे वेल्डिंगशिवाय धातूच्या टाक्यांनी चीर शिवण्याचं काम, करणाऱ्या चांगल्या कारागिराला दाखवा. वॉटर जॅकेटवरची (थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या भागावरची) चीर बहुधा वाचवता येते. इंजिन बदलावंच लागलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी बदललेल्या इंजिनाची ही नोंद बहुतेक वेळा नसतेच. ती आधी करून घ्या, मगच व्हिंटेजकडे वळा.

मूळपणाचा आधार म्हणून कारखान्याच्या नोंदींचा उतारा फार कामी येतो. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली यांच्या नोंदी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत, जॅग्वारच्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे. चेसिस नंबर कळवून फी भरली की हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. बनावटीची तारीख, मूळ इंजिन नंबर, मूळ रंग असा तपशील त्यात असतो. नियमाने ते सक्तीचं नाही आणि नोंदणीच्या तारखेची जागा ते घेऊ शकत नाही. पण समितीतल्या अधिकाऱ्याने एमजीए आयुष्यात पाहिलेली नसेल, तर त्याच्यासमोर ठेवायला याहून चांगला कागद नाही.

नंबर वाचवा

एमजीच्या टी मालिकेत चेसिस नंबर चेसिसच्या पुढच्या टोकाशी ठोकलेला असतो, शिवाय वेगळी पट्टी असते. पट्टी रिव्हेटने बसवलेली, म्हणजे एका गाडीची दुसरीला लावता येते. म्हणून अधिकारी ठोकलेला नंबर मागतात, आणि ते रास्तच आहे. गंज काढताना त्या जागी ग्राइंडर लावू नका. डिस्क गंजाबरोबर आकड्यांची खोलीही खाते. पेंट रिमूव्हर, रॉकेल आणि पितळी ब्रश एवढंच वापरा. सँडब्लास्टिंगला देण्याआधी त्या जागेवर रबराची पट्टी ठेवून वरून जाड टेपचे तीन-चार थर द्या आणि कारागिराला तोंडी सांगण्यावर न थांबता तिथे खडूने लिहूनही ठेवा. पावडर कोटिंगचा थर जाड असतो, त्यात उथळ आकडे बुजतात. नंबरापुरती जागा झाकून घ्या आणि नंतर तिथे पातळ प्रायमर मारा.

स्वच्छ झालेल्या नंबरावर पातळ कागद टेपने ताणून बसवा आणि ४बी पेन्सिल आडवी धरून छाप घ्या. चार-पाच छाप घेऊन ठेवा, कारण एनओसीपासून विम्यापर्यंत सगळीकडे ती लागते. छापेत ओ आहे की शून्य, आय आहे की एक, हे आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. संगणकावर चुकीचं चढलेलं एकच अक्षर अख्खा अर्ज थांबवतं.

नंबर पुसट झाला असेल तर स्वतः पंच मारू नका. तुमचा हेतू कितीही प्रामाणिक असला, तरी नव्याने ठोकलेला आकडा चोरीच्या गाडीसारखाच दिसतो. आरटीओकडे लेखी अर्ज करून परवानगीनेच ते काम होतं.

बी-सिरीज इंजिनाचा नंबर ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या पातळ पट्टीवर असतो. ब्लॉक मशीन शॉपला कॉस्टिकच्या टाकीत धुवायला देण्याआधी ती पट्टी फोटो काढून उतरवून घ्या. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर त्या टाकीत विरघळून जाते.

आरसी बुक: कुणाकडेच नसलेला कागद

अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. सोबत विमा, फी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद) आणि भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक. यादी एवढीच आहे, पण तिच्यातलं शेवटचं कलम माणसाला दमवतं.

आरसी हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मिळते, आणि ती गाडीची शेवटची नोंदणी असलेल्या कार्यालयातूनच. जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्या बऱ्याचदा ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीवर चढलेल्याच नसतात. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ हे खिडकीवरचं उत्तर ऐकून परत फिरू नका. संगणकात नसणं वेगळं आणि नोंदवहीत नसणं वेगळं, आणि हा फरक खिडकीवर कुणी समजावून सांगत नाही. नंबर आणि अंदाजे वर्ष लिहून नोंदवहीच्या उताऱ्याची लेखी मागणी करा. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उतारा हाती आला की त्याच्या आधारे बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, करायला सांगता येतं. ती झाल्याशिवाय पुढचा कोणताही अर्ज ऑनलाइन सरकत नाही.

नोंदवहीतही गाडी नसेल, आरसी नसेल आणि विकणारा ‘नंतर बघू’ म्हणत असेल, तर ती गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. तिचे सुटे भाग कामाला येतील, पण ती रस्त्यावर येणं फार कठीण आहे.

दुसरी गाठ मालकीची. मालक वारले असतील तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती. कायद्याने ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. ही मुदत केव्हाच उलटलेली असते, त्यामुळे विलंबाचा भुर्दंड धरूनच चला. भावंडांच्या सह्या मात्र आत्ताच घ्या. गाडी गंजलेली असते तोवर सगळे आनंदाने सही देतात. रंग चढून ती चमकायला लागली की हिस्से आठवतात.

गाडी मधे दोनदा-तीनदा नुसत्या कोऱ्या सह्यांच्या फॉर्म २९ आणि ३० वर फिरली असेल तर आरसीवरच्या शेवटच्या मालकापासून तुमच्यापर्यंत प्रत्येक कडी कागदावर आणावी लागते. नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथून फॉर्म २८ ची एनओसी आधी.

विमा

आरटीओ विमा मागतो, विमा कंपनी चालू आरसी मागते, आणि अर्जदार दोघांमध्ये हेलपाटे घालतो. ऑनलाइन पॉलिसीच्या नादी लागू नका, तिथे जुना नंबर स्वीकारलाच जात नाही. कंपनीच्या शाखेत जाऊन चेसिस आणि इंजिन नंबरावर पॉलिसी मागा, सोबत छाप, फोटो आणि आरसीची किंवा उताऱ्याची प्रत द्या. विम्याच्या जुन्या मोटर टॅरिफमध्ये व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० आधीची गाडी, तेव्हा ‘तुमची गाडी व्हिंटेज नाही’ असं तिथे ऐकलं तर त्याचा आरटीओच्या पात्रतेशी संबंध जोडू नका.

अर्ज आणि तपासणी

बाकीचं सरळ आहे. परिवहन पोर्टलवर अर्ज, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, वैधता १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. वाहन कर हा राज्याचा विषय, तो या फीत धरलेला नाही. राज्याची समिती गाडी पाहते आणि तिने मान्यता दिली की फॉर्म २३ए मध्ये आरसी मिळतं. त्यासाठी नियमात ६० दिवसांची मुदत आहे. ती कार्यालयाला बांधून घालणारी आहे, तुम्हाला गाडी पूर्ण करायला मिळालेली सवलत नव्हे. अर्धवट गाडीवर अर्ज टाकू नका. तपासणीला फ्लॅटबेडवरून न्या. ज्या गाडीची नोंदणी संपली आहे ती चालवत आरटीओच्या फाटकात नेणं म्हणजे दंडाला आमंत्रण.

जुना नंबर जाईल या भीतीने काही जण अर्जच करत नाहीत. आधी नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. राज्याचा संकेत, मग ‘व्हीए’, दोन अक्षरं आणि चार आकडे ही नवी मालिका नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

अर्ज करण्याआधी हे ठरवा

व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथवर जाणं-येणं, इंधन आणि देखभाल, एवढ्यासाठीच. हे न वाचता अर्ज करून नंतर हळहळणारे खूप आहेत. रोज ऑफिसला न्यायची असेल, तर फॉर्म २५ वर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण हाच मार्ग. पण ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे, आणि आयात केलेल्या कारला ८०,०००. हा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांतच करायचा असतो. त्याआधी केलेला घेतला जात नाही आणि नंतर दरमहा ५०० रुपये जादा बसतात.

या मार्गावर पीयूसीही लागते. भारत स्टेज २ आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. एसयू कार्ब्युरेटरची गाडी इथे नापास होते ती बहुधा मिश्रण श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असल्यामुळे. टॅपेट आणि टायमिंग आधी लावा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कार्ब्युरेटरवरच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे ना पाहा. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन मिलिमीटरभरापेक्षाही कमी उचला. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण श्रीमंत आहे, इंजिन बसायला लागलं तर गरीब. श्रीमंत असेल तर जेटचा नट एका वेळी एकच पैलू वर फिरवा आणि पुन्हा तपासा. थ्रॉटलचा स्पिंडल झिजलेला असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि कितीही नट फिरवला तरी आयडलिंग स्थिरावत नाही. आधी तिथे नवं बुश टाका, मगच पीयूसीच्या रांगेत उभे राहा.