यादीत नाव उशिरा, तपासणी त्याहून उशिरा

गोव्यात आदिवासी किती? 2001 च्या जनगणनेचं उत्तर होतं 566. केपे, सांगे, काणकोणच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे वेळीप, गावडा, कुणबी त्यात धरलेच नव्हते. 1968 च्या आदेशानं गोवा, दमण आणि दीवसाठी अनुसूचित जमातींच्या यादीत पाचच जमाती मान्य केल्या होत्या: धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली. गावडा, कुणबी, वेळीप यांना मान्यता मिळाली ती 2003 मध्ये. 2011 च्या जनगणनेत आकडा थेट 1,49,275 वर गेला, म्हणजे राज्यात दर दहा माणसांमागे एक. धनगर-गवळी समाज तेव्हाही बाहेरच राहिला.

आनुवंशिक आजारांच्या सेवेशी याचा थेट संबंध आहे. सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, भारतात पहिल्यांदा आढळला 1952 मध्ये, नीलगिरीच्या आदिवासींत. पुढे सरकारी शोध बराचसा यादीतल्या जमातींच्या मागोमाग गेला. ज्यांचं नाव यादीत नाही, त्यांच्यासाठी आरोग्याच्या तक्त्यात वेगळा रकानाही नसतो. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेनं सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं, पण ज्या 17 राज्यांपासून तिची सुरुवात झाली त्यांत गोवा नाही. आपल्याकडे हा आजार कमी असेलही. पण ते तपासल्याशिवाय कसं म्हणायचं?

नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मजात आजार शोधण्याचं काम गोव्यानं 2008 मध्येच हाती घेतलं, ही अभिमानाची गोष्ट. मात्र त्या थेंबातून फक्त संशय कळतो. पक्कं निदान, आईवडिलांना समजावून सांगणं, पुढच्या बाळंतपणाआधीची तपासणी, हे सगळं त्यानंतरचं. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणातली विशेष केंद्रं मुंबई, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत आहेत. काणकोण तालुक्यातल्या गावडोंगरीच्या माणसाला काणकोण, मडगाव करत बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचायचं म्हटलं तरी दिवसाची मजुरी बुडते. मुंबईचं नाव काढलं की घर गप्प होतं.

तिथवर पोचलं, तरी डॉक्टर आधी तीन पिढ्यांची वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ. लहानपणी गेलेली भावंडं आजीला नावानिशी आठवतात. ती कशानं गेली हे कुठल्याच कागदावर नाही, कारण तेव्हा जवळपास डॉक्टरच नव्हता. आजी सांगते आपल्या कोंकणीत, अहवाल येतो इंग्रजीत.

त्या अहवालातही एक जुनी उणीव असते. जनुकातला बदल घातक की निरुपद्रवी, हे आधी गोळा झालेल्या जनुकांशी ताडून ठरवतात, आणि जगभरच्या त्या साठ्यात युरोपीय वंशाच्या लोकांचीच भर जास्त आहे. आपसांतच लग्नं होणाऱ्या लहान समाजाचे खास बदल तिथे सापडत नाहीत. मग अहवालावर शेरा येतो: ‘अर्थ अनिश्चित’. दुसऱ्या मुलाचा विचार करणारी आई तो कागद घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते.