खटला उभाच राहत नाही तेव्हा

88 डॉलर 30 सेंटचा खोटा चेक वटवायचा प्रयत्न. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 1973 मध्ये पॉल हेजवर आरोप होता तो एवढाच. सरकारी वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो. लढलास तर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. जुने दोन गुन्हे नावावर होतेच. हेज लढला, हरला, जन्मठेप झाली. 1978 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी हे चालवून घेतलं.

मारहाण, दरोडा अशा हिंसक गुन्ह्यांतही बहुतेकदा असाच सौदा होतो. 2006 मध्ये राज्यांच्या न्यायालयांत गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे 94 टक्के लोकांनी गुन्हा कबूल केला होता. खुनात मात्र हे प्रमाण 61 टक्क्यांवर येतं. जन्मठेप समोर दिसत असेल तर कबूल करून पदरात पडणार तरी काय?

तिथल्याच दुसऱ्या एका मोजदादीची पद्धत मजेशीर होती. देशातल्या 75 सर्वांत मोठ्या काउंटींमधून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) 40 निवडायच्या, मे महिन्यात दाखल झालेल्या प्रकरणांचा नमुना घ्यायचा आणि वर्षभर त्यांचा माग काढायचा. खुनाला दोन वर्षं, कारण तो लवकर निकाली निघतच नाही. 1990 ते 2002 च्या अशा नोंदींत दोषी ठरलेल्या हिंसक गुन्हेगारांपैकी 81 टक्क्यांना कैद झाली. एकूणातले 50 टक्के मोठ्या तुरुंगात गेले, 31 टक्के स्थानिक कोठडीत. उरलेले देखरेखीवर सुटले.

आता खरी गोम. सौद्यात नुसती वर्षं कमी होत नाहीत, कलमही बदलतं. दरोड्यात पकडलेला माणूस चोरी कबूल करतो आणि ‘हिंसक’च्या रकान्यातून गायब होतो. त्यामुळे शिक्षा वाढली की घटली हे विचारताना मी आधी बघतो, मोजणी अटकेच्या कलमावरून केलीय की निकालाच्या. लढणाऱ्यांना जास्त शिक्षा होते, हेही जपूनच वाचावं. लढणारे आणि कबूल करणारे मुळात सारख्या प्रकरणांतले नसतात.

आपल्याकडे 2006 पासून कबुलीच्या तडजोडीची सोय आहे, पण सात वर्षांपर्यंतच्याच गुन्ह्यांना. खून, दरोडा त्यात बसत नाहीत. अशा खटल्यांत आरोपी तारखांवर तारखा मोजतो, आणि 2022 अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघं कच्चे कैदीच होते.